न केलेल्या चुकीची माफी

त्या हॉस्पिटलात तिला सगळे भूलमॅडम म्हणायचे. सतरा वर्षं ती लोकांना भूल देऊन झोपवत होती आणि ऑपरेशन संपलं की जागं करत होती. हात चांगला होता. पेशंट म्हातारा असला, कुणाचं हृदय कमजोर असलं, की सर्जन म्हणायचे, "भूलमॅडमना बोलवा, मग मी सुरीला हात लावतो."

गेल्या वर्षापासून हे बोलावणं फार वाढलं होतं. विभागात पाच भूलतज्ज्ञ होते. दोघं सोडून गेले, एक बाळंतपणाच्या रजेवर गेली. राहिली ही आणि विभागप्रमुख. त्यांना सगळे मोठे सर म्हणत, आणि मोठ्या सरांना मीटिंगांमधून डोकं वर काढायला सवड नसायची. "एवढी एक केस उरकून टाका ना," असं कुणीतरी म्हणायचं आणि ती उरकून टाकायची. सुरुवातीला कुरकुरायची. पुढे कुरकुरायचाही कंटाळा आला.

आपल्यात काहीतरी बिघडलंय हे तिला कळत नव्हतं असं नाही. पूर्वी ती आदल्या संध्याकाळी पेशंटच्या कॉटशी बसायची, त्याची भीती काढायची. आता फाइल चाळायची आणि चेहऱ्याकडे बघायचं राहून जायचं. एकदा जिन्यात एका माणसाने तिला हात जोडले. ती नुसतीच पुढे गेली. मग सिस्टर म्हणाली, "अहो मॅडम, परवाचा अपेंडिक्सवाला." तिला काही केल्या तो आठवेना. घरीही तसंच. बारा वर्षांची लेक एकदा जेवताना बापाला म्हणाली, "आई सगळ्या गावाला झोपवते, मला मात्र तूच झोपवतोस." बाप हसला, लेक हसली. ती हसायला विसरली आणि दोघं गप्प झाली.

त्या दिवशी ती आदल्या सकाळपासून हॉस्पिटलातच होती. दुपारचा एक वाजला होता आणि लिस्टवरची पाचवी केस आत आली. पित्ताशयात खडे झालेली साठीची बाई. तिचं शिवणकामाचं दुकान होतं. दुर्बिणीचं, रोजचं ऑपरेशन.

"डॉक्टरबाई," टेबलावर आडवी होता होता ती म्हणाली, "मला उताणं झोपायची सवय नाही. कुशीवर चालेल का?"

सिस्टरला हसू फुटलं. भूलमॅडम म्हणाली, "उताणंच लागेल," आणि सुईसाठी शीर शोधायला लागली.

"बरं बाई. मध्येच जाग नाही ना येणार?"

"नाही येणार."

हे बोलताना तिने वर पाहिलंसुद्धा नाही.

बाई झोपली. श्वासनलिकेत नळी गेली, नळी मशीनला जोडली, मशीन श्वास द्यायला लागलं. ऑपरेशन सुरू झालं. सर्जन म्हणाले, "टेबल जरा डोक्याकडून वर करा आणि डावीकडे कलवा." तिने बटण दाबून टेबल कलवलं. टेबल हललं की नळीचा जोड हाताने चाचपायचा असतो. हे ती शिकाऊ डॉक्टरांना शंभरदा सांगायची. त्या दिवशी चाचपायचं राहिलं. तिचं डोकं ठणकत होतं. सर्जनच्या यंत्रामुळे मॉनिटर सारखा खोटा खोटा बोंबलत होता, म्हणून तिने त्याचा आवाज तळाला नेला, स्टूल ओढलं आणि भिंतीला पाठ टेकली.

पुढचं तिला नीट आठवत नाही. आठवतो तो सर्जनचा आवाज.

"मॅडम, रक्त काळपट दिसतंय. मॅडम! ऑक्सिजन किती आहे?"

तिने डोळे उघडले तेव्हा तिचं बोट अलार्म बंद करायच्या बटणावर होतं. मॉनिटरवर अडुसष्ट. असायला हवेत नव्याण्णव. ती चादरीखाली घुसली. नळीचा जोड निसटून उशीवर पडला होता आणि मशीन आपला श्वास हवेत सोडत होतं. तिने जोड बसवला, हाताने फुगा दाबायला लागली, पूर्ण ऑक्सिजन सोडला. चौऱ्याहत्तर. ऐंशी. नव्वद. मग सत्त्याण्णव. फुगा दोनदा तिच्या हातातून सुटला.

ऑपरेशन पुरं झालं. बाईला एक रात्र देखरेखीखाली ठेवायचं ठरलं. हातपाय धुताना सर्जनने विचारलं, "नक्की काय झालं हो?"

तेव्हा ती खरं सांगू शकली असती. तोंडही उघडलं होतं. बाहेर पडलं ते वेगळंच.

"जोड ढिला होता. सकाळी मशीन तपासताना राहून गेलं असणार."

मशीन रोज सकाळी सेलकाका तपासायचे. सेलकाका म्हणजे थिएटरचे तंत्रज्ञ. घशात बघायच्या बॅटरीचा उजेड मंद झाला, की मागायच्या आत खिशातून नवे सेल काढून द्यायचे, म्हणून हे नाव. सव्वीस वर्षं ते त्या थिएटरमध्ये होते. भूलमॅडम नवी नवी लागली तेव्हा पहिल्या अवघड केसला तिच्या शेजारी उभं राहून हळूच "मॅडम, घाई नाही" असं म्हणणारे तेच.

सर्जन "हं" म्हणाले आणि हात पुसायला लागले. एवढ्यावर ते मिटेल असं तिला वाटलं.

संध्याकाळी ती बाईला बघायला गेली. बाई जागी होती, चष्मा मागत होती. ऑक्सिजन कमी पडून मेंदूला काही झालंय का हे बघायला तिने प्रश्न विचारले. आज वार कोणता, घरी कोण कोण असतं.

"मी, मुलगा, सून."

"दुकानात मशीनं किती?"

"दोन. एक पायाचं, एक मोटरचं. मोटरचं सुनेला दिलंय, तिला सगळ्याची घाई." बाई दुखऱ्या पोटावर हात ठेवून हसली. "का हो? काही शिवायचंय का?"

शाबूत होती, अगदी लख्ख शाबूत. भूलमॅडम बाथरूममध्ये गेली, दार लावून घेतलं आणि नळ सोडून रडली. आपण आनंदाने रडतोय असं तिने स्वतःला सांगून पाहिलं.

मशीनमध्ये प्रत्येक बटणाची नोंद राहते. दुसऱ्या दिवशी थिएटर रिकामं असताना तिने ती उघडून पाहिली. जोड निसटल्यापासून चार मिनिटं. त्या चार मिनिटांत मशीनने तीनदा हाक मारली होती आणि तीनही वेळा कुणीतरी अलार्म बंद केला होता. झोपेतल्या झोपेत, गजराच्या घड्याळावर हात मारावा तसा. तो हात तिचाच होता. नोंद कुणी मागितली नव्हती. तिने स्क्रीन बंद केली.

पण ते मिटलं नव्हतं. सर्जनने तिचं म्हणणं अहवालात लिहिलं होतं, आणि आठवड्याच्या आत सेलकाकांना मेमो मिळाला. चौकशी होईपर्यंत त्यांना थिएटरमधून काढून खालच्या मजल्यावर पाठवलं. तिथे दिवसभर कात्र्या-चिमटे धुवून, मोजून पेट्यांत भरायचे. मोठ्या सरांनी तिला बोलावून सांगितलं, "तुमचं म्हणणं लेखी लागेल." तिने दोन ओळी लिहून दिल्या. 'जोड सुटला. वेळीच लक्षात आलं.' त्यातलं 'वेळीच' लिहिताना पेन अडखळलं, पण लिहिलं.

मेमो मिळाल्याच्या तिसऱ्या दिवशी सेलकाका तिच्या खोलीत आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"मॅडम, एक विचारू? तुम्हाला तो जोड ढिला लागला होता का?"

ती फाइलीकडे बघत राहिली.

"नाही म्हणजे, टिक माझीच आहे. ही बघा." त्यांनी सकाळच्या तपासणीच्या कागदाची प्रत आणली होती. चार घड्या घातलेली. "जोड घट्ट, असं लिहिलंय. सही माझी. पण मॅडम, मला आता आठवतच नाही, हाताने बघितला होता की नुसतीच टिक मारली. रोजचंच काम ना. हात आपला सवयीने चालतो. वय झालं असेल."

"होतं असं काका," ती म्हणाली. "नका एवढं मनाला लावून घेऊ."

सेलकाकांचे डोळे भरून आले. "तुम्ही सांभाळून घेतलंत. दुसरं कुणी असतं तर केवढा आरडाओरडा केला असता. त्या बाईचं काही बरंवाईट झालं असतं, तर मी तोंड कुठे लपवलं असतं?"

ते गेले. कागद टेबलावरच राहिला. ती कितीतरी वेळ त्या टिकेकडे बघत बसली. स्वच्छ, ठाम टिक होती. तो हात सवयीने चालणारा नव्हता, हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. आणि तिने त्यांना माफ केलं होतं! खोटं बोलणं वेगळं, पण हे... तिला स्वतःची शिसारी आली.

त्या संध्याकाळी नवऱ्याने विचारलं, "अगं, काय झालंय? चार दिवस बघतोय, ताटातलं चिवडत बसतेस." तो शाळेत भूगोल शिकवायचा, फार खोदून विचारण्यातला नव्हता. तिने सांगून टाकलं. झोप लागली हे सांगितलं. सेलकाकांचं सांगताना मात्र "त्यांच्यावर थोडं आलंय" एवढंच म्हणाली.

"थोडं म्हणजे?"

"चौकशी आहे."

"मग तू सांगितलं असशील ना, की त्यांचा काही संबंध नाही?"

ती उठून ताट धुवायला गेली. तो मागे आला नाही. रात्री दोघं एकमेकांकडे पाठ करून पडली, आणि इतक्या महिन्यांची थकलेली ती, तिला झोप म्हणून लागेना.

दहाव्या दिवशी शिवणवाली बाई टाके दाखवायला आली. जाता जाता मुद्दाम भूलमॅडमची खोली शोधत वर आली. हातात कापडी पिशवी होती. तीत दोन पातळ सुती टोप्या, थिएटरमध्ये घालतात तशा, बारीक टिपेच्या.

"माप अंदाजाने घेतलंय. तुमच्या डोक्याला कागदाची टोपी बघितली, म्हटलं ही काय टोपी."

"अहो कशाला..."

"असू द्या हो. तुम्ही होतात म्हणून मी आज चालत आले. मला सगळं कळलंय." बाईने आवाज खाली आणला. "ते मशीनवाले भाऊ आले होते दुकानात. पत्ता शोधत शोधत. आणि काय सांगू, एवढा मोठा माणूस, गिऱ्हाइकांसमोर माझ्या पाया पडायला वाकला. म्हणे, माझ्याकडून चूक झाली, तुमच्या जिवावर बेतलं होतं. मीच घाबरले. म्हटलं, भाऊ, उठा, मी धडधाकट आहे. डॉक्टरबाई, त्यांना काही करू नका. तेवढं सांगायलाच आले."

भूलमॅडमच्या हातात टोप्या होत्या. त्या तिने टेबलावर ठेवल्या.

"बसा," ती म्हणाली. आणि बाई बसायच्या आतच म्हणाली, "चूक त्यांची नव्हती. माझी होती."

"म्हणजे?"

"मला झोप लागली होती. तुमचं ऑपरेशन चालू असताना. नळी निसटली. मशीन ओरडत होतं, ते मी झोपेतच बंद केलं. चार मिनिटं तुम्हाला श्वास नव्हता. सर्जननी रक्ताचा रंग बघितला म्हणून कळलं. आणि विचारल्यावर मी त्यांचं नाव पुढे केलं."

एका दमात बोलून ती थांबली. बाईने पिशवीची घडी घातली. मग ती घडी मोडली. पुन्हा घातली.

"चार मिनिटं," बाई म्हणाली.

"हो."

"म्हणजे मी तिथे एकटीच होते."

भूलमॅडमने आधीचा दिवस, आधीची रात्र, विभागातली माणसं सोडून गेल्याचं काहीही सांगितलं नाही. सांगायला लागली असती तर ते सगळं खरंच होतं, पण त्या बाईपुढे ते मांडायची तिला लाज वाटली.

"माझ्या सुनेला सातवा महिना आहे," बाई उठत म्हणाली. "ह्याच दवाखान्यात नाव घातलंय. वेळ आली तर भूल तुम्हीच देणार का?"

"नाही. मी देणार नाही."

बाईने मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. ती दारापर्यंत गेली, परत आली, टेबलावरच्या टोप्या उचलून पिशवीत टाकल्या आणि निघून गेली.

त्याच दुपारी भूलमॅडम मोठ्या सरांकडे गेली. मशीनमधली नोंद छापून नेली होती. सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला.

"बाई ठणठणीत आहे. आता हे उकरून काढून काय मिळणार?"

"सेलकाका खाली कात्र्या धुतायत, सर."

"त्यांना आणू आपण वर. चौकशीत काही निष्पन्न झालं नाही, असं लिहू. तुमचं नाव कशाला मध्ये?"

वाट सोपी होती. कुणाचंच काही गेलं नसतं. क्षणभर तिचं मन त्या वाटेकडे वळलंही, हे तिने पुढे नवऱ्याला सांगितलं. मग तिला पेशंटपुढे वाकलेली, सव्वीस वर्षं इथे राबलेली ती पाठ दिसली.

"नाही सर. तसं लिहिलंत तर त्यांना आयुष्यभर वाटत राहील की आपण वाचलो. ते वाचले नाहीत. त्यांनी काही केलंच नव्हतं. तसंच लिहा." आणि थोडं थांबून म्हणाली, "आणि हेही लिहा की मी सलग तीस तास कामावर होते. मी ते तुम्हाला सांगायला हवं होतं. पण तक्ता तुमच्याच टेबलावर लागतो, तुम्हालाही दिसत होतं."

सरांनी कागद ठेवून घेतला.

मग ती खालच्या मजल्यावर गेली. वाफेने खोली कोंदली होती. सेलकाका चिमटे मोजत होते. तिने सगळं सांगितलं. ते मोजत राहिले. बावीस, तेवीस, चोवीस. पेटी बंद केली आणि मग वर पाहिलं.

"मॅडम, मेमो मिळाल्यापासून मी घरी बायकोला विचारतोय, मी गॅस बंद केला का. कुलूप लावून तीनदा परत येतोय. माझा माझ्या हातावरचा विश्वास उडाला होता."

"काका, मी..."

"झोप लागली, ते मी समजू शकतो. तुमचे हाल बघत होतो मी. पण मी तुमच्या खोलीत आलो होतो. तेव्हा तुम्ही मला म्हणालात, होतं असं काका."

ती मान खाली घालून उभी राहिली. ते म्हणाले, "जा तुम्ही. मला पेट्या भरायच्यात."

चौकशीचा कागद तिने सांगितला तसाच निघाला. सेलकाका पुन्हा थिएटरमध्ये आले. तिला ताकीद मिळाली आणि तीन महिने कामापासून दूर ठेवलं. मनाच्या डॉक्टरांकडे जायची अट घातली. पहिला महिना ती बहुतेक झोपलीच. दुसऱ्या महिन्यात एकदा लेक शाळेतून आली आणि दारातच थबकली, कारण आई घरी आहे याची तिला अजून सवय झाली नव्हती. "तू आजारी आहेस का?" तिने विचारलं. आईने खरं ते सांगितलं, मुलीला झेपेल एवढं. मुलीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग सेलकाकांना किती वाईट वाटलं असेल." आई म्हणाली, "हो." मुलगी दप्तर टाकून तिच्याशेजारी येऊन बसली.

ती परत रुजू झाली तोवर विभागात दोन नवे डॉक्टर आले होते आणि आठ तासांनी माणूस बदलायचा नियम भिंतीवर लागला होता. शिवणवालीच्या सुनेचं बाळंतपण आपसूक झालं, भुलीची गरजच पडली नाही. भूलमॅडमला ते सिस्टरकडून कळलं. बाई पुन्हा कधी वर आली नाही.

सेलकाका तिच्याशी कामापुरतं बोलायचे. मशीन तपासून झालं की कागद पुढे करायचे आणि ती सही करेपर्यंत हात मागे बांधून उभे राहायचे. तिने दोन-तीनदा बोलायचा प्रयत्न केला. "हो मॅडम," "नाही मॅडम," एवढंच यायचं. ते बरोबरच होतं. माफीची अपेक्षा करण्याचाही आपल्याला हक्क उरलेला नाही, हे तिला हळूहळू पटत गेलं. तरी वाट ती बघतच राहिली.

एका गुरुवारी लिस्ट लांबली. चौथी केस संपली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की औषधाच्या बाटलीवरचं नाव आपण दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा डोक्यात शिरलं नाही. पाचवा पेशंट दाराशी होता. सर्जन हात धुवून तयार. सगळ्यांसमोर "मला जमणार नाही" म्हणायचं, या विचारानेच तिचे कान तापले. सतरा वर्षांत ती असं कधीच म्हणाली नव्हती.

"मला थांबायला हवं," ती म्हणाली. "ही केस मी घेऊ शकत नाही. दुसऱ्या डॉक्टरांना बोलवा."

"आत्ता?" सर्जन कावले. "अहो, वीस मिनिटांची केस आहे. उरकून टाका ना."

सिस्टर हातातल्या ट्रेकडे बघत राहिली. भूलमॅडमला वाटलं, जमिनीत गडप व्हावं. मग कोपऱ्यातून फोन फिरवल्याचा आवाज आला. सेलकाकांनी कुणालाही न विचारता रिसीव्हर उचलला होता.

"थिएटर तीनमधून बोलतोय. भूलवाल्या दुसऱ्या डॉक्टरांना पाठवा," ते म्हणाले. "हो, लगेच. आमच्या मॅडम दमल्यात."

फोन ठेवून ते मशीनकडे वळले आणि पुढच्या डॉक्टरांसाठी पुन्हा पहिल्यापासून सगळे जोड तपासायला लागले. तिच्याकडे त्यांनी पाहिलं नाही. ती टोपी काढून बाहेर आली, बाकावर बसली आणि नवऱ्याला फोन लावून म्हणाली, "आज लवकर येतेय."